एकशे चार खिडक्या

आईला त्या घराच्या खिडक्या तोंडपाठ होत्या.
एकशे चार.
राष्ट्राध्यक्ष किती झाले, ते बोटांवर मोजताना मात्र
ती मध्येच अडायची:
"निळं मखमल आधी, की ते पिवळं?"

डोंगराच्या पोटाशी, देवदारांच्या रांगेमागे,
गोऱ्या गव्हर्नरनं बांधलेलं लाल विटांचं घर.
झेंडा बदलला त्या रात्री
आई, एनेलेसी, सोळा वर्षांची,
मोठ्या दालनात शिडीवर उभी.
बाहेर माणसं गात होती, ढोल डोंगरावर आपटून परत येत होते.
तिला गाता येईना.
तोंडात टाचण्या असल्या
की स्वातंत्र्याकडे बघून हसताही येत नाही.

पहिल्यांना अंधार लागायचा.
हिरवं जाड कापड, दुहेरी अस्तर,
आणि दोन पडदे जिथे भेटतात तिथे
चार बोटं जास्तीची दुमड.
फट राहता कामा नये.
त्याच वर्षी माळी लाझारोला नीलमोहर छाटायला लावला,
एक फांदी निजायच्या खोलीपर्यंत पोचत होती म्हणून.
पुढे लाझारोही दिसेनासा झाला.
आई एवढंच म्हणायची,
"फांदी त्यानं सरळ कापली होती. मी पाहिलंय."

उरलेल्या हिरव्यातून माझं दप्तर झालं.
शाळेत कुणी त्याला हात लावत नसे.

दुसरे म्हणाले, उजेड येऊ दे.
पत्रकारांना बोलावलं, स्वतः शिडी चढले,
एक पडदा ओढून काढला. फोटो निघाला.
उरलेले एकशे तीन आईनं काढले.
सहा महिने खिडक्या उघड्या.
खालच्या रस्त्यावरून पहारेकऱ्यांना दिसायचं:
रात्री दोन वाजता एक माणूस
या खोलीतून त्या खोलीत जातोय, दिवे लावत.
सातव्या महिन्यात निरोप आला.
पिवळं कापड. जाड.
आईनं विचारलं, "अस्तर?"
"दुहेरी."
"आणि मधली दुमड?"
साहेब खिडकीकडे पाहत राहिले.
"आधी होती तेवढीच," म्हणाले.

मग कुणाच्या तरी बायकोनं मोर आणले,
ते थंडीनं मेले.
कुणी गुलाब उपटून मका लावला,
कॅमेऱ्यापुरती दोन कणसं खुडली,
बाकीची माकडांनी खाल्ली, एक दाणा न ठेवता.
निळं मखमल कधीतरी याच मधे आलं.
माझ्या लग्नातली उशी त्याची.

मग राजधानी खाली सपाटीवर गेली.
घरात उरली वटवाघळं, एक स्वयंपाकी
आणि आई, जी दर वर्षी पाऊस संपला
की कुणीच न ओढलेले पडदे धुवायची,
हिरवळीवर वाळत घालायची.
सरोवरावरचा वारा यायचा,
आणि रिकामं घर
लांबून, तेवढ्यापुरतं,
नांदतं वाटायचं.

आता तिकीट आहे. मुलांना अर्धं.
वाटाड्या पोरगा कोंडवानी, इस्त्रीचा शर्ट,
पाठ केलेलं भरभर सांगतो:
"मूळ पडदे दुर्दैवानं उपलब्ध नाहीत."
माझ्या घरी ते गोधडी होऊन
नातवाच्या अंगावर आहेत. मी बोलले नाही.
खिडकीच्या चौकटीच्या आत
पेन्सिलीचे आकडे दाखवून तो म्हणाला,
"हे बांधणाऱ्या इंजिनिअरचं अक्षर असावं."

चारचा आकडा वर उघडा,
खुर्ची उलटी ठेवल्यासारखा.
आई तसाच काढायची.
दुधाच्या हिशेबात, माझ्या तापाच्या नोंदीत,
सगळीकडे ती उलटी खुर्ची.

मी बोट ठेवलं. कोंडवानी म्हणाला,
"आजी, हात नका लावू."

नवा पडदा जरा ओढून पाहिला.
मधे चांगली चार बोटं फट,
ऊन सरळ पलंगावर.
माप न घेताच शिवलाय कुणीतरी.